दादा, त्या विणलेल्या खुर्चीबद्दल

दादा, तू गेल्यावर घरातलं पहिलं भांडण तुझ्या फोटोवरून झालं.

फोटो चांगला निघालाय. आत्याच्या नातीच्या लग्नातला आहे, तू कुणावर तरी डाफरण्याच्या बेतात असताना काढलेला. फोटोवाल्यानं मागचा मांडव पुसून तिथं निळा रंग भरला, शर्टाची कॉलर सरळ केली, पण चेहऱ्याला हात लावला नाही, हे बरं केलं. वाद फोटोचा नव्हताच. जलदान विधीला तो ठेवायचा कशावर, याचा होता. आपल्याकडे खुर्चीवर पांढरं कापड टाकतात, त्यावर फोटो, पुढं मेणबत्त्या. भंते येतात, वंदना होते, लोक एकेक करून फूल वाहतात. वहिनीनं करमाडहून मला फोन केला.

"छाया, तुझ्या घरची ती विणलेली खुर्ची पाठव. ह्यांचा फोटो तिच्यावर ठेवू. लई शोभंल."

मी म्हटलं, "वहिनी, दादा त्या खुर्चीत कधी बसला नाही."

"म्हणून तर म्हणते. जिते असताना नाय बसले, आता तरी बसतील."

मागून आत्याचा आवाज आला. "मेल्या माणसाचा कसला आलाय हट्ट? फोटोला काय टोचतंय व्हय?"

उद्या सांगते म्हणून मी फोन ठेवला. तुझा मेहुणा मिलिंद म्हणाला, "दे ना पाठवून. एका खुर्चीचा एवढा काय विचार करतेस?" त्याचंही बरोबर होतं. दुःखाच्या घरातून कुणी काही मागितलं की नाही म्हणू नये. पण मी हॉलमध्ये जाऊन त्या खुर्चीसमोर उभी राहिले आणि मला एकच दिसत होतं. तू जिवंत असतास आणि कुणी तुला बळेच तिच्यात बसवलं असतं, तर तू उठून बाहेर गेला असतास. फोटोला उठता येत नाही.

या खुर्चीची गोष्ट आपल्या दोघांतच राहिली. मिलिंदला थोडी माहीत, वहिनीला थोडी. पूर्ण फक्त तुला आणि मला. आता एकटीलाच.

आम्हाला फ्लॅटची चावी मिळाली त्याच आठवड्यात तू टेप आणि खडू घेऊन आलास. चहासुद्धा घेतला नाहीस आधी. हॉल मोजलास, गॅलरीचं दार किती उघडतं ते पाहिलंस, आणि नव्या फरशीवर खडूनं खुणा केल्यास. "इथं तीन सीटर. ह्या भिंतीला दोन. चौकोनी पाइप घेतो, पावडर कोटिंग करतो, वरून रेक्झिन. तुझी नातवंडं उड्या मारतील, तरी हलणार नाय." करमाडमध्ये आणि जालना रोडच्या दोन्ही बाजूंच्या वस्त्यांमध्ये तू वेल्डिंग केलेला पलंग नाही असं घर शोधावं लागेल. तुझ्या बहिणीच्या घरात मात्र तुझ्या हातचं काही नाही, ही गोष्ट तुला किती दिवस खात होती, ते त्या खडूच्या खुणांवरून मला कळत होतं. मी हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. मिलिंद माझ्याकडे बघत राहिला, कारण आमचं ठरलं होतं.

ठरलं होतं ते असं. मी शेंद्र्याला कंपनीत दिवसभर लोखंडाचे तुकडे मोजते. गेज, मायक्रोमीटर, पांढरी ट्यूबलाइट, हाताला तेलाचा वास. घरी आल्यावर मला पुन्हा लोखंड नको होतं. आमचा हॉल पश्चिमेला. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर त्याची भट्टी होते, आणि रेक्झिनवर पाच मिनिटं बसलं तरी घामानं कपडे चिकटतात. वेताच्या चौकटीची, आत दोरीनं विणलेली खुर्ची मी पहिल्यांदा कंपनीतल्या एका मॅडमच्या घरी पाहिली. पाठीमागून वारा येत होता. एवढंच. त्यानंतर मी कितीतरी दुकानं पालथी घातली. काही ठिकाणी वेतासारखं दिसणारं प्लॅस्टिक होतं, ते नखानं दाबलं की कळतं. काही ठिकाणी वीण फक्त पुढून सुंदर, मागून टोकं खिळ्यानं ठोकलेली. मला दोन खुर्च्या हव्या होत्या, एक बुटकं बाकडं, खाली तागाची चटई आणि दिव्यावर वेताची टोपी. बाकी भिंत पांढरी, रिकामी. सगळंच विणलेलं घेतलं तर घराचं दुकान दिसतं. हे सगळं मी मिलिंदशी बोलत होते. तुझ्याशी बोलायला हवं होतं तेव्हा तुझ्याकडे गिऱ्हाईक आलं, किंवा तू घाईत होतास, किंवा मला धीर झाला नाही.

शेवटी मी तुझ्या वर्कशॉपमध्ये येऊन सांगितलं. तू पाइप कापत होतास.

"दादा, सोफा नको करूस."

"पाइप कापले मी."

"मला विचारायचं तरी."

"भावानं बहिणीच्या घरात सोफा करायचा, त्यात काय इचारायचं? रंग नाय आवडत का? रंग बदलू."

"रंगाचं नाही. आम्ही वेताच्या खुर्च्या घेतोय. दोरीनं विणलेल्या."

तू डोळ्यांवरचा चष्मा वर केलास. मशीन बंद केलंस. रस्त्यावरून एक ट्रक गेला. मग नुसतं म्हणालास, "दोरीनं."

ते कापलेले पाइप अजून तिथंच आहेत, दादा. भिंतीला उभे लावलेले. परवा वहिनीबरोबर वर्कशॉप आवरायला गेले तेव्हा दिसले. त्यांचं तू दुसरं काही का केलं नाहीस, हे तुला विचारायचं राहिलं.

तरी तू औरंगपुऱ्यात खुर्ची घ्यायला माझ्याबरोबर आलास. "बघू तरी काय घेती," म्हणालास. मला वाटलं, पाहिल्यावर तुझं मन वळेल. ती गल्ली तुला माहीतच आहे. गाडी लावायला जागा नाही, एक रिक्षा आडवी आली की सगळं ठप्प. दुकान बोळकांड्यासारखं आत आत जाणारं. दुकानदारानं खुर्ची उचलून मधोमध ठेवली आणि तुझ्याकडे वळला, कारण बाईबरोबर पुरुष असला की लोक पुरुषालाच माल दाखवतात.

"असली वेत है भाई. ये अंबाडी का रस्सा. प्लास्टिक नक्को समझो. हाथ लगाके देखो."

तू हात खिशात घातलेस. दोन्ही. आपण तिथं बराच वेळ होतो. मी खुर्ची उलटी करून पाहिली, बसले, उठले, हलवून पाहिली. तुझे हात बाहेर आले नाहीत.

"हे इनतं कोण?" तू विचारलंस.

"माल बाहर से आता भाई. कारीगर लोग उधर रहते."

"उधर म्हंजे कुठं?"

दुकानदार हसला. "अब आपको कुर्सी होना, या कारीगर होना?"

मीही हसले. तू हसला नाहीस. बाहेर येऊन गाडीजवळ उभा राहिलास, आणि मी पैसे देऊन येईपर्यंत तुझा चेहरा तसा झाला होता जसा आपल्या वडिलांशी, आबांशी भांडताना व्हायचा.

"शिकून-सवरून बाज इकत घेतली का गं तू?" तू म्हणालास. लोक बघत होते. "आजोबानं गावकी सोडली. मी दोर सोडला. बारा घरच्या दारात म्या दोर टाकलेत. आता तू तेच पुन्हा शहरात नेऊन हॉलमधे मांड. फुलदाणी बी ठेव वर."

"दादा, ही खुर्ची आहे."

"दोर हाय तो, दोर. त्याला कुशन लावलं म्हणून त्याचा वास जात नाय."

"मला नाही येत वास."

"तुला कसा येईल?" तू म्हणालास आणि गाडीला किक मारलीस. करमाडपर्यंत तू एकटा गेलास. मी रिक्षानं घरी आले.

तुला कसा येईल. हे वाक्य मी तेव्हा टोमणा म्हणून ऐकलं. तू गेल्यापासून ते माझ्या कानात वेगळं वाजतंय, म्हणून इथं जरा थांबते.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी लिहायचं तर, आपल्या घरात दोर वळायचे. अंबाडी ओढ्यात कुजत घालायची, आठवड्यानं उपसायची, धुवायची, निघालेला धागा, म्हणजे वाख, वाळवायचा. त्या कुजलेल्या अंबाडीचा वास घरादाराला, अंथरुणाला, भाकरीलासुद्धा. दोरासाठी सोललेल्या घायपाताचा चीक अंगाला लागला की आग आग व्हायची, आबा रात्रभर हात खाजवायचे. पोळ्याच्या आधी सगळ्या गावाच्या बैलांना नवे कासरे, नव्या वेसणी आपल्या घरातून जायच्या. तू शाळेतून येऊन ते पोचवायला जायचास. दारात उभं राहायचं, हाक मारायची, दोर खाली ठेवायचा आणि मागं सरायचं. मग आतून कुणीतरी येऊन दोरावर पाणी शिंपडायचं आणि उचलायचं. त्याच दोरानं त्यांचा बैल सजायचा, गावातून मिरवायचा, आणि तू वेशीजवळ उभा राहून बघायचास. हे मला आबांनी सांगितलं, तू कधीच नाही. तू फक्त एक दिवस आबांना म्हणालास की उद्यापासून मी दोराला हात लावणार नाही, आणि शहरात एका वेल्डरच्या हाताखाली राहायला गेलास.

माझं वय तेव्हा इतकं लहान की मला त्या भांडणातला फक्त आवाज आठवतो. पण त्याआधीचं एक आठवतं. ओसरीवर आबा वळत होते, तू पलीकडचं टोक धरून मागं मागं चालत होतास. मला तो खेळ वाटला. मी वाखाची एक लड उचलली. तू टोक टाकून धावत आलास आणि माझ्या हातावर फटका मारलास. मी रडले. तू मला उचलून नळावर नेलंस, माझे हात धुतलेस आणि म्हणालास, "हात लावायचा नाय. कधीच नाय." आबा म्हणाले, "पोरीला कामून मारतो?" तू म्हणालास, "ती नाय वळणार."

मी नाही वळला दोर, दादा. एक वीतभरसुद्धा नाही. माझी दहावी झाली, बारावी झाली, बी.एस्सी. झाली. घरातली पहिली पदवी. कॉलेजला यायला तू मला रोज सकाळी जालना रोडवर सोडायचास, आणि बस येईपर्यंत थांबायचास, गाडी बंद न करता, कारण पुन्हा सुरू करताना ती त्रास द्यायची. पदवीच्या दिवशी तू काळा झगा घातलेल्या मला बघून म्हणालास, "वकील दिसती." तेवढंच. तुझे मी कधी आभार मानले नाहीत. आपल्याकडे भावाचे आभार मानले तर तो म्हणतो, डोकं फिरलं का. आता मानते, आणि तू काही म्हणू शकत नाहीस.

तर मला वास का येत नाही, याचं उत्तर तुझ्याकडेच होतं. तू माझ्या आणि त्या वाखाच्या मध्ये उभा राहिलास. माझ्या हातांना तो कधी कळूच दिला नाहीस. म्हणून दुकानात मला त्या खुर्चीत फक्त वीण दिसली, उजेड दिसला, पाठीला लागणारा वारा दिसला. तू मला ज्याच्यापासून लांब ठेवलंस, ते मला सुंदर दिसलं, कारण तू मला त्याच्यापासून लांब ठेवलंस. यात माझी चूक आहे असं मला आजही वाटत नाही. तुझीही नाही. पण आपण दोघं एकाच खुर्चीकडे बघत होतो आणि दोन वेगळ्या वस्तू बघत होतो, हे आपल्यापैकी एकानं तरी मोठ्यानं म्हणायला हवं होतं.

गृहप्रवेशाला तू आलास. वंदनेला पुढं बसलास, सतरंजीवर. वंदना झाली, सतरंज्या उचलल्या, आणि मग लोक खुर्च्यांवर, बाकड्यावर बसले. तू उभा राहिलास. चहा उभ्यानं घेतलास. मी म्हटलं, "बस ना." म्हणालास, "खिडकीची कडी ढिली हाय." खिडकीकडे गेलास. वहिनी खुर्चीकडे निघाली होती, तिनं तुझ्याकडे पाहिलं आणि बाकड्याशेजारी जमिनीवर बसली. आमच्याकडे आलेला एकेक माणूस खुर्चीवर हात फिरवून म्हणत होता, किती छान, किती नैसर्गिक. प्रत्येक वेळी मी तुझ्या पाठीकडे बघत होते. ती खिडकी तू इतकी घट्ट केलीस की अजून दोन्ही हातांनी उघडावी लागते.

त्यानंतर तू येत राहिलास. आलाच नाहीस असं कधी केलं नाहीस, हे मला लोकांना सांगावंसं वाटतं. कधी तुरीच्या शेंगा घेऊन, कधी कुणाच्या तरी गेटचं माप घ्यायला शहरात आलास म्हणून. येऊन स्वयंपाकघराच्या दाराला टेकायचास. मी कणीक मळताना तू बोलायचास. हॉलमध्ये दोन खुर्च्या रिकाम्या. मी दुपारी उन्हाच्या तिरिपेतून त्या आत सरकवायचे, ओल्या फडक्यानं पुसायचे, कारण आपल्याकडच्या कोरड्या हवेत वेत तडकतो. तू ते बघायचास आणि एकदा म्हणालास, "लेकरावानी पुसती." चेष्टा होती. पण तुझ्या तोंडून त्या खुर्चीबद्दल निघालेलं ते पहिलं साधं वाक्य होतं, आणि मी आशेनं वर पाहिलं. तू विषय बदललास.

शेवटचं बोलणं तुझ्या शेवटच्या खेपेचं. तेव्हा ते शेवटचं आहे हे मला माहीत नव्हतं, म्हणून मी ते नीट जिंकायला बघत होते. माझं उत्तर तयार होतं. कितीतरी दिवस कंपनीच्या बसमध्ये बसून मी ते जुळवलं होतं.

मी म्हटलं, "दादा, ऐक. आपण दोर वळायचे आणि उभं राहायचं. बसायचं दुसऱ्यानं. आता बसणारी मी आहे. दोर तोच, पण त्याच्यावर मी बसते. यात हार कुठं आली?"

तू दाराला टेकला होतास. शेंगा सोलत होतास. सोलून झालेली शेंग खाली ठेवलीस.

"तू बसली. चांगलं झालं," तू म्हणालास. "पण ज्यानं हे इनलं, तो कुठं तरी अजून उभाच असंल ना, छाये. त्याचं पोरगं शाळेतून येऊन टोक धरत असंल. दुकानदाराला म्या इचारलं तर तुम्ही दोघं हसले."

कुकरची शिट्टी झाली. मिलिंद बाहेरून आला, त्यानं तुझ्या गाडीचं काहीतरी विचारलं. आपलं बोलणं तिथंच तुटलं. जाताना जिन्यात तू म्हणालास, "राहिलेलं पुढच्या वेळंला." मग एका दुपारी वर्कशॉपमध्ये छातीत कळ आली तेव्हा तू जवळच्या माणसाला म्हणे सांगितलंस, मशीन बंद कर. मग फोन माझ्याकडे आला. पुढची वेळ आली नाही.

म्हणून मी वहिनीला फोन करून सांगितलं की खुर्ची पाठवणार नाही. फोटो तिच्यावर ठेवायचा नाही.

मला वाटलं होतं ती रडेल. ती चिडली.

"तुमचं दोघा भावा-बहिणीचं भांडण हाय ते," ती म्हणाली. "चार वर्षं बघते. ह्यांनी नाय म्हणायचं, तू गप बसायचं. मधे मी. मला इचारलं का कुणी? मला बसायचं होतं तिच्यावर. पहिल्या दिवसापासून. माझे गुडघे बघ. घरात सगळ्या लोखंडाच्या, थंडीत बसवत नाय, उन्हाळ्यात भाजतंय. पण म्या बसले असते तर ह्यांनी जीव दिला असता. फोटोचं निमित्त केलं म्या. म्हटलं, खुर्ची एकदा घरात येऊ दे, फोटो मग भिंतीवर जाईल."

"वहिनी, हे आधी सांगायचं की."

"दुखवट्यात सांगू का, मला खुर्ची पाहिजे म्हणून?"

खरं सांगू, दादा? तू गेल्यापासून मला कुणाचीच बाजू इतकी रास्त वाटली नव्हती. खुर्ची करमाडला आली. मिलिंदनं ती टेम्पोतून आणली, वर गोणपाट टाकून, ऊन लागू नये म्हणून. तुझा फोटो तुझ्याच घरच्या टेबलावर ठेवला, पांढरं कापड टाकून. खुर्ची समोरच्या भिंतीला ठेवली आणि वहिनीला तिच्यात बसवलं. आत्यानं तोंड वाकडं केलं. "नवरा गेला आन् ही महाराणी." वहिनी म्हणाली, "तुमचे गुडघे द्या, मी खाली बसते." आत्या पदर सावरून सतरंजीवर बसली.

भंतेंनी वंदना घेतली. लोक येत गेले, फूल वाहून सतरंजीवर बसत गेले. कंपनीतले, वस्तीतले, आणि मग गावातले. आपले दोर जिथं जायचे, त्या वरच्या आळीतलेही आले. तू त्यांची गेटं केलीस, त्यांच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडल्यास, ते येणारच. त्यांच्यातले सगळ्यात वयस्कर दारात आले आणि मी बघितलं, आपल्या बायका आपोआप उठल्या. पदर डोक्यावर गेले. आत्यासुद्धा उठली, कण्हत. कुणी सांगितलं नाही, तरी उठल्या. मीही अर्धी उठले होते. पदवी, नोकरी, फ्लॅट, सगळं असून माझे पाय उठले.

वहिनी उठली नाही.

खुर्चीत बसून राहिली, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर. म्हातारा फोटोपाशी गेला, फूल वाहिलं, हात जोडले. वळला. तिच्यासमोर उभा राहिला. तो म्हणाला, "फार वाईट झालं, बाई. गुणी हाताचा माणूस होता." वहिनीनं बसूनच मान हलवली. मग तो इतरांसारखा खाली सतरंजीवर बसला. तिच्या पायांशी. एवढंच झालं. कुणाला त्यात काही दिसलं नसेल. मला तू हवा होतास, तुझ्या खांद्याला खांदा लावून, हे बघायला.

लोक गेल्यावर मी वहिनीजवळ बसले आणि म्हटलं, "वहिनी, तुम्ही उठला नाहीत."

"उठणार कशी? गुडघा धरला होता. उठायला गेले तर उठताच येईना. खोल हाय तुझी खुर्ची." मग जरा वेळानं म्हणाली, "पण बरं वाटलं."

मी हसले. तू गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता रडले, आणि वहिनी माझ्या डोक्यावर हात ठेवून बसली, खुर्चीतूनच.

निघताना तिनं विचारलं, "ही राहू दे का इथं?" मी तुझ्या फोटोकडे पाहिलं. तू डाफरण्याच्या बेतात होतास. मी राहू दे म्हणाले.

तर आता ती तुझ्या घरात आहे, दादा. तुझ्या पलंगाशेजारी, तुझ्या लोखंडी कपाटासमोर. वहिनीला मी सांगून आलेय की दुपारचं ऊन तिच्यावर येऊ द्यायचं नाही आणि पावसाळ्यात ओल धरली तर वाऱ्याला ठेवायची. माझ्या हॉलमध्ये एक खुर्ची उरली. ती मी काढणार नाही. तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ नाही. औरंगपुऱ्यात पुन्हा जाऊन त्या दुकानदाराला विचारेन, कारीगर कुठं राहतात म्हणून. तो पुन्हा हसेल. मी या वेळी हसणार नाही. त्यापुढं काय करायचं, ते मला अजून कळत नाही. तू असतास तर म्हणाला असतास, बघ, आता पटलं का. आणि मी म्हणाले असते, नाही पटलं, अर्धंच पटलं, बस आणि सांग. तू बसला नसतास. दाराला टेकून सांगितलं असतंस, आणि मी कणीक मळत तुला खोडून काढलं असतं.

इतकी वर्षं आपल्या प्रत्येक भांडणात शेवटचा शब्द तुझाच असायचा. हा माझा झाला. मला तो नको होता.